पाच बोटांचा एअर क्लीनर

जावयाला वस्तू द्यायची असते, त्याच्याकडून परत मागायची नसते. आमच्याकडं हे कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. माझी जीप ह्या एका रिवाजापायी गेली, आणि अजून आठवलं की माझं डोकं भणभणतं.

दहा वर्षं दुसऱ्याच्या गाड्या हाकल्यावर मी स्वतःची जुनी डिझेल जीप घेतली होती. कुंभार पिंपळगाव ते घनसावंगी सीटा भरायच्या. आत बारा, मागं लटकलेले वेगळे, आणि बाजाराच्या दिवशी कोंबड्या, बाचकी, सगळंच. इंजिन चालू तोवर मी माझा मालक. इंजिन गेलं की पुन्हा दुसऱ्याच्या दारात जायचं, "मालक, गाडीवर ठेवता का?" म्हणून. त्या एका गोष्टीची मला धास्ती होती.

गाडी दारात आली त्या दिवशी धाकट्या बहिणीनं ओवाळलं. मी बॉनेट उघडून म्हणलो, "इंजिनाला पण लाव, खरं काम तेच करतंय." समोरच एअर क्लीनरचा लोखंडी डबा होता. इंजिन त्यातून हवा ओढतं. तळाला तेल असतं, धूळ तेलात बसते आणि स्वच्छ हवा पुढं जाते. तिथं कुंकू काय टिकणार? मंग तिनं गाडीवर नाव टाकायला आणलेल्या लाल ऑइलपेंटात बोटं बुडवली आणि डब्यावर पाच ठिपके उमटवले. लहानपणी कडबा तोडताना तिच्या करंगळीचं टोक गेलं होतं, म्हणून पाचवा ठिपका अर्धाच. "दादा, आता तुझ्या गाडीला कुणाची नजर लागत न्हाई," म्हणाली.

तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, जुन्या जालन्यात मिस्त्री. हात चांगला, जीभ त्याहून चांगली. एकदा ब्रेकच्या कामाला गाडी नेली, तर बॉनेटमध्ये डोकं घालून हसायला लागले.

"मेव्हणे, हा काय हंडा घेऊन फिरून राह्यले? इंजिनाचा दम कोंडून राह्यला. नव्या पद्धतीचा फिल्टर लावतो, मंग बघा गाडी कशी पळते!"

"दाजी, आपला रस्ता म्हणजे निव्वळ फुफाटा हाय."

"मिस्त्री कोण, तुम्ही का मी?"

झालं! जावयापुढं कोण बोलणार?

त्यांनी डबा उतरवला, जुना रबरी पाइप करवतीनं कापला आणि पुढं भोंग्यासारखा जाळीचा फिल्टर बसवला. पाइप फिल्टरच्या तोंडाला सैल होत होता. तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वरून क्लॅम्प आवळला. मला ते दिसलं. दुसऱ्या कुणी मिस्त्रीनं असलं केलं असतं तर मी तिथंच त्याची आईबहीण काढली असती. पण इथं माझीच बहीण त्यांच्या घरात, मी चहाचा कप तोंडाला लावला. डबा परत मागावा असं वाटलं होतं. दाजी म्हणाले, "ते भंगार राहू द्या इथंच," आणि माझी जीभ रेटेना.

पहिले पंधरा दिवस काय तो रुबाब! गाडी नुसती डरकाळ्या फोडायची. सीटा विचारायच्या, "इंजिन नवं टाकलं काय?" मी पण फुगलो, आणि भेटेल त्याला सांगत सुटलो की जावई असावा तर असा.

दिवाळीनंतर उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले आणि रस्त्याचं पार पीठ झालं. गाडी धूर टाकायला लागली. सकाळी ढकलल्याशिवाय सुरू होईना, आणि तेल तर म्हशीनं पाणी प्यावं तसं प्यायची. दाजींकडं नेली तर म्हणाले, "तुम्ही वजन जास्त भरता." मी वजन कमी केलं. मागच्या फळीवर कुणाला उभं राहू देईना, ओळखीच्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. तरी फरक न्हाई.

शेवटी घनसावंगीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं पाइप काढून आत बोट फिरवलं आणि ते बोट माझ्या डोळ्यांपुढं धरलं. चाळून घेतल्यासारखी बारीक माती!

"जोड बिलकुल ढिला हाय. दम घेताना माती खाल्ली हिनं. आता आत काही राह्यलं न्हाई," तो म्हणाला. "जुना डबा कुठंय?"

"भंगारात गेला."

"कोण शहाणा मिस्त्री होता?"

मी सांगितलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. गाडी दारात उभी राहिली आणि तिच्या टपावर कोंबड्या बसायला लागल्या.

त्या उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. ह्या अधिक महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, जावयाला टिळा लावायचा आणि ताटातून अनारशांचं वाण द्यायचं. वडील गेलेले, त्यामुळं ते काम माझ्याकडं. दाजी आणि बहीण आले ते जीप घेऊन! दाजींनी स्वतःची घेतली होती, जुनीच, पण रंग मारून नवरीसारखी नटवलेली. ओसरीवर टेकता टेकताच म्हणाले, "मेव्हणे, ड्रायव्हर पायजे मला. परक्यापेक्षा घरचा माणूस बरा. तुम्हीच या ना."

खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. वाटलं, माणसाला आपली काळजी आहे. मी चावी घेतली, गाडीपाशी गेलो आणि सवयीनं आधी बॉनेट उघडलं.

आत लोखंडी डबा होता. त्यावर चार लाल ठिपके आणि एक अर्धा.

भंगार म्हणे! माझ्या इंजिनाला माती चारली ती ह्यासाठी? केसानं गळा कापला, तोही "मेव्हणे, मेव्हणे" करत! आणि आता माझ्याच डब्यावर चालणाऱ्या गाडीवर मला नोकर ठेवायला आलेत. तरी मनात म्हणलं, बहिणीला ठाऊक नसणार. तिला कळलं तर ती नवऱ्याला उभा फाडून खाईल.

बायको हापशावर गेल्ती. बहीण स्वयंपाकघरात एकटीच ताटात अनारसे मांडत होती.

"गाडीतला डबा बघितला मी," एवढंच म्हणालो.

तिनं मान वर केली नाही. त्या अर्ध्या करंगळीनं एक अनारसा सरळ केला, मंग दुसरा. मंग हळूच म्हणाली, "म्या म्हणल्तं त्यांना, आधी डब्यावरची बोटं खरवडून टाका म्हणून."

बाहेरून दाजींची हाक आली, "मेव्हणे, जल्दी आवरा!" तिनं ताट उचलून माझ्या हातात दिलं आणि कडेला कुंकवाचा करंडा ठेवला. मी बाहेर गेलो आणि दाजींना टिळा लावला.