तीन फुटांचा फरक

वहिनींचा फोन आला तेव्हा मी समा भागातल्या आमच्या घरी भाजी निवडत होते. "तुझे दादा गेले गं... चहा घेतला नि बसल्या जागी गेले." याला महिना झाला. रडून झालं, दिवसही झाले. आता नुसता थकवा उरलाय.

वसंतदादा माझा मावसभाऊ, कोयलीला रिफायनरीत ड्राफ्ट्समन. निवृत्तीनंतर लोक यात्रेला जातात. याने बंद पडलेली तंबाखूची जुनी फॅक्टरी मोजायला घेतली. ती पाडायचं घाटत होतं. जुन्या वास्तूंच्या यादीत तिचं नाव यावं म्हणून नकाशा द्यायचा होता. संस्थानाच्या काळात तिथे गाड्या भरभरून तंबाखूचं पान यायचं. ओटे बैलगाडीच्या उंचीचे, छपराखाली लाकडी झडपांची रांग... पान बुरसू नये नि चुरूही नये म्हणून. "बांधणाऱ्याला पानाची नाडी कळली होती बघ," दादा म्हणायचा. टेपचं दुसरं टोक धरायला हक्काची मी.

मागच्या गोदामात तपकिरीची धूळ साचलेली. शिंकून शिंकून मी बेजार झाले, घरी जायची घाई झाली, आणि भिंतीच्या तीन फूट अलीकडेच थांबले. "टेकला ने?" दादा त्याच्या गुजराती वळणाच्या मराठीत ओरडला. "हो, टेकला!" मी म्हटलं.

त्यानंतर बाहेरचं माप आणि आतल्या मापांची बेरीज काही केल्या जुळेना. दादा आकडेमोड करत राहिला, भिंतीत पोकळी असेल म्हणाला. पुन्हा आत जायची परवानगी मिळेना आणि चुकीचा नकाशा तो द्यायला तयार होईना. मी आज सांगते, उद्या सांगते करत राहिले... लाजच वाटायची. तोवर मागचं गोदाम पाडलं, पाठोपाठ बाकीचंही. दिवाळीत मांजलपूरला त्याच्याकडे गेले तेव्हा म्हणाला, "माझाच हात चुकला असेल गं." मी खाली मान घालून चिवडा खात राहिले. तीच आमची शेवटची भेट.

परवा वहिनी म्हणाल्या, "त्यांचे कागद तूच बघ, तुला कळतं त्यातलं." त्याच्या खोलीत टेबलावर नकाशा तसाच पसरलेला होता. मागच्या गोदामावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पुन्हा मोजणे'. मी त्या मापात तीन फूट मिळवले. बेरीज एका मिनिटात जुळली.

टेप खुंटीला होता. त्याचं टोक धरून मी खोलीच्या भिंतीपर्यंत चालत गेले आणि नीट टेकवलं. "टेकला ने?" विचारायला पलीकडे कोणी नव्हतं.