आम्ही की आपण

माझे सासरे नागपूरहून इकडे परदेशात, आमच्याकडे ओंगारला आले आणि चौथ्याच दिवशी माझ्या मुलीच्या विषयांचा निकाल लावून मोकळे झाले. पुढच्या वर्षासाठी शाळेत विषय निवडायचे होते आणि तिला इतिहास हवा होता.

"इतिहास घेऊन काय करणार हाये पोरगी? केमिस्ट्री घे म्हणा तिले," ते चहा पिता पिता म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं इंजिनिअरिंगही असंच घरातल्या मोठ्यांनी परस्पर ठरवलं होतं, ते मी अजून विसरलेले नाही.

"बाबा, तुम्ही यात पडू नका. आमच्या घरातलं आम्ही ठरवू."

त्यांनी कप खाली ठेवला. मुलगी तिथेच टेबलावर इतिहासाचा प्रोजेक्ट लिहीत होती. त्यात होतं, दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेने युरोपातल्या राजांना बजावलं होतं, की आमच्या बाजूच्या गोलार्धात आता नव्या वसाहती नकोत, दक्षिणेतल्या नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना हात लावायचा नाही. मी वाचलं आणि म्हटलं, बरं सुनावलं! मला ती अमेरिका एकदम माझ्याच बाजूची वाटली.

मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र इथल्या हेलाच्या इंग्रजीत येतात. तिने विचारलं, हे आजोबांना समजावायचं तर 'आवर हेमिस्फिअर' म्हणजे काय म्हणू, आपला गोलार्ध की आमचा?

"आपला. सगळ्यांचा मिळून."

"नो, मम्मी. आमचा." त्या देशांना कुणी विचारलंच नव्हतं, असं तिचं म्हणणं. मग मान वर न करता म्हणाली, "यू सेड आम्ही टू. वॉज आय इन इट?"

मी उसळले. "अगं, तुझ्यासाठीच भांडले ना मी!"

"ग्रँड. शो मी द फॉर्म, सो." इथल्या पोरांचं 'ग्रँड' म्हणजे नुसतं 'बरं'.

शाळेचा ऑनलाइन फॉर्म मी आदल्याच दिवशी भरून ठेवला होता. फिजिक्स, केमिस्ट्री. इतिहास त्यात नव्हता. तिने तो लॅपटॉपवर दोनदा वाचला. सासरेही चष्मा लावून वाकले.

"मग माझ्याशी काऊन भांडली?" त्यांनी विचारलं.

मला भयंकर संताप आला. त्यांचा आला, त्या अमेरिकेचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. लॅपटॉप पुढे ओढत मी म्हणाले, "आण, आपण बदलू."

तिने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि चक्क मराठीत म्हणाली, "आपण नाही. मी."