दुर्बीणकाका आणि समोरचा स्कोप

दुर्बीणकाकांच्या उजव्या भुवईवर चंद्रकोरीसारखा व्रण होता. तो रायफलीवर नेम धरण्यासाठी बसवतात त्या भिंगाच्या नळीने, स्कोपने केलेला होता. डोळा आणि काच यांत पुरेसे अंतर न राखणारा एक स्वस्त स्कोप काकांनी जोरकस धक्क्याच्या रायफलीवर बसवला आणि गोळी सुटताच त्याची कड भुवईत घुसली. "ही त्या खरेदीची पावती," असे ते सांगत, आणि मग विचारणाऱ्याची लवकर सुटका होत नसे.

काका पुण्याचे, ऑकलंडमध्ये फार्मासिस्ट. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत आम्ही तिथल्या माउंट रॉस्किल उपनगरात शेजारी होतो. मी पेनरोजच्या एका कारखान्यात अभियंता होतो. काका हरणांची शिकार करतात, हे आमच्या मराठी मंडळींच्या पचनी पडत नसे. काकू घरात मांस येऊ देत नसत, त्यामुळे शिकार परस्पर मागच्या माओरी शेजाऱ्याच्या फ्रीजरमध्ये जाई. "यांना हरीण नको असतं हो, नळ्यांमधून बघायला हवं असतं," काकू म्हणत, आणि त्यात बरेच तथ्य होते.

दिवस कलला की काका मित्रांकडून मागून आणलेले, रायफलीवरून उतरवलेले स्कोप घरामागच्या लाकडी ओट्यावर, डेकवर मांडत. रस्त्याच्या टोकाच्या डेरीवरची, म्हणजे तिथल्या किराणा दुकानावरची पाटी प्रत्येकातून वाचायची. भर दुपारी सर्वांत स्वस्त, मधल्या किमतीचा जपानी आणि महागडा ऑस्ट्रियन यांत मला काडीचाही फरक दिसला नव्हता. उजेड उतरू लागला की स्वस्तातली अक्षरे गढूळ होत, रंग राखेसारखे पडत. जपानी बराच वेळ टिके, ऑस्ट्रियन त्याच्याही पुढे. "मोठं दिसणं आणि स्पष्ट दिसणं यांत गल्लत करू नका," असे ते बजावत. महागडा घ्याच, असे मात्र ते कोणालाही सांगत नसत. मधला घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगली दुर्बीण घ्या, हा त्यांचा ठरलेला सल्ला.

या सल्ल्यामागे भीती होती, हे मला उशिरा उमगले. स्कोप रायफलीवर असतो, म्हणून त्यातून ज्याच्याकडे पाहावे त्याच्यावर बंदुकीची नळीही रोखली जाते. समोर काय आहे ते दुर्बिणीने ओळखायचे. स्कोप केवळ नेम धरण्यासाठी. "जंगलात मला घाईतल्या माणसाची भीती वाटते," ते म्हणत.

मी स्वभावतः भित्रा. तरीही एका एप्रिलमध्ये, नर हरणांच्या हंबरण्याच्या दिवसांत, मी त्यांच्याबरोबर टाउपो सरोवरापलीकडच्या डोंगरांत गेलो, ते केवळ नकार देण्याचा संकोच वाटला म्हणून. संध्याकाळी आम्ही एका मोकळ्या गवताळ उतारावर बसलो होतो. काकांनी दुर्बीण माझ्या हाती दिली. मी ती समोरच्या झाडीच्या कडेने फिरवली आणि थांबलो. तिथे एक माणूस गुडघ्यावर बसला होता. त्याच्या डोळ्याच्या जागी एक काळे, गोल भिंग होते, आणि ते माझ्याकडे वळलेले होते.

मी नुसते बोट दाखवले. काकांनी दुर्बीण घेऊन पाहिले. आमच्या दोघांच्या डोक्यावर केशरी टोप्या होत्या, पण उजेड जवळजवळ संपला होता.

"हलू नका," ते अगदी हळू म्हणाले. "त्याच्याकडे काच कोणती आहे, देव जाणे."

मग ते सावकाश उभे राहिले, माझ्या पुढे आले आणि दोन्ही हात वर करून ओरडू लागले. आधी इंग्रजीत, मग भान सुटून मराठीत: आम्ही माणसं आहोत, माणसं आहोत. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. आवाज दरीत फिरून परत येई आणि मध्ये जी शांतता पडे, तिच्यात मी गोळीची वाट पाहत होतो.

अखेर नळी खाली झाली. तो माणूस धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो पुन्हा पुन्हा माफी मागत होता. आपण फक्त बघत होतो, असे त्याचे म्हणणे. होते तेवढे थोडे पैसे एका स्वस्त स्कोपमध्येच संपल्याने दुर्बीण घेतलीच नव्हती. काका रागावले नाहीत. त्यांनी त्याला गोळ्या आणि ज्याशिवाय गोळी सुटत नाही तो बोल्ट काढायला लावले, रायफल हातात घेतली आणि आम्ही बसलो होतो त्या जागेकडे स्कोपमधून पाहिले. मग ती माझ्याकडे दिली. तिथे माझी केशरी पिशवी पडली होती. मला दिसला तो गवतात बसलेल्या जनावरासारखा एक तपकिरी ढीग.

परतताना काकांनी गाडीची किल्ली माझ्या हाती ठेवली.

पुढच्या वर्षी ते ख्राइस्टचर्चला एका रुग्णालयात नोकरीवर गेले. सामान चढवले जात असताना मी धीर एकवटून विचारले, त्या दिवशी तुम्ही माझ्या पुढे का उभे राहिलात?

"अहो, वाट अरुंद होती. दोघांना जागा कुठे होती?" एवढे म्हणून ते काकूंना हाक मारत आत गेले.

तिथे वाट नव्हतीच. चारी बाजूंनी मोकळे गवत होते.