गिरजाबाईचं मावंदं

गिरजाबाई श्रीलंकेहून आली ती दालचिनी घेऊन. प्रसाद नाही, अंगारा नाही, गळ्यात साधा दोरा नाही. माणूस एवढ्या लांब जातं आणि देवाचं काहीच आणत नाही, म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय, हे मी त्याच दिवशी ओळखलं. खुर्सीपारमध्ये आमच्या दोघींच्या घरांना भिंत एकच आहे, तेव्हा एवढा हक्क मला आहे.

बाई साठीची. नवरा इथल्या स्टील प्लांटमध्ये क्रेनवर होता, तो गेला. आता मुलगा सुमंत तिथंच लागलाय. सासरा होता तोवर तोही प्लांटवालाच. फर्स्ट शिफ्टवाल्याला पहाटे डबा लागतो, सेकंडवाला दुपारच्या आत जेवून निघतो, नाइटवाला सकाळी भुकेला येतो. सून आली तरी वाढायला हीच. तिच्या घरची चूल गार झालेली मी कधी पाहिली नाही. अशी बाई एक दिवस म्हणते, चेन्नईला मुलीकडे जाते, आणि तिथून विमानात बसून लंकेला जाते. एकटी. तिकिटं मुलीनं, भूमिकानं, काढून दिली आणि भावाला नंतर कळवलं.

सून टीनानं मला फोटो दाखवले. मी मागितले नव्हते. बरं, मागितले होते. प्रत्येक फोटोत ती उतरली होती त्या घराची तीच पडवी, पुढं केळी, फणस, पाऊस, आणि हिरवं एवढं की डोळे निवावेत. एका फोटोत टेबलावर चहाचे दोन कप. टीना माझ्याकडे पाहत राहिली आणि मी तिच्याकडे. एकटीला दोन कप कशाला लागतात?

मी सरळ विचारलं. गिरजाबाई हसली. दोन्ही कप तिचेच होते म्हणे, एक सकाळचा, एक नंतरचा. पहिला उठून ठेवायचा कंटाळा आला. जी बाई कोणाचं खरकटं ताट वाळू देत नाही, तिला कपाचा कंटाळा? मी मान हलवली, पण पटलं नाही.

मग दिवसभर करायची काय? तर पडवीत बसायची. वाटलं तर उतरून समुद्राकडे जायची आणि कोळी जाळी सोडवताना बघायची. एखाद्या बसमध्ये बसायची, कुठंतरी उतरायची, परतीची बस येईल तेव्हा यायची. पाऊस आला की थांबायची, आणि पाऊस थांबला तरी थांबायची. भाषा कळत नव्हती, त्यामुळे बोलणंही नाही. असं सांगितल्यावर कोण विश्वास ठेवणार?

गल्लीतली कुजबुज पावर हाउसच्या बाजारापर्यंत गेली आणि तिथून सुमंतच्या कानावर. पोरगा वाईट नाही, पण लोकलाजेचा फार. आईचा पासपोर्ट त्यानं 'सांभाळून ठेवतो' म्हणून लोखंडी कपाटात टाकला आणि किल्ली खिशात ठेवली. तिला पुन्हा जायचं होतं. भूमिका तिकीट काढायला तयार होती. आईनं पासपोर्ट मागितला की हा आज-उद्या करायचा.

मग त्यानंच शक्कल काढली. लंका म्हणजे सीतामाईची अशोकवाटिका. आई तीर्थाला गेली होती असं त्यानं सांगून टाकलं आणि मावंदं ठेवलं. आमच्यात यात्रा करून आलेल्याचं मावंदं घालतात. लोक जेवतात, त्याच्या पाया पडतात, थोडं पुण्य आपल्याही पदरात पडतं. एकदा पाया पडल्यावर कोण तोंड उघडणार? गिरजाबाईनं फक्त गप्प बसायचं होतं.

मावंद्याच्या दिवशी सुमंत नाइट करून आला होता, तसाच उपाशी धावपळ करत होता. गिरजाबाईला पाटावर बसवलं. आमच्या गल्लीत सगळ्यांत म्हाताऱ्या राधाबाई, त्या पहिल्या वाकल्या. गिरजाबाईनं पाय मागं ओढले.

"राधाबाई, पाया पडू नोका. मी देवाले नाही गेली. मी निस्ती बसाले गेली होती."

राधाबाई अर्ध्या वाकलेल्या तशाच राहिल्या. सुमंतनं घाईघाईनं मानाची साडी पुढं केली. ती म्हणाली, "साडी राहू दे. मले माहा पासपोर्ट दे."

त्याचा चेहरा उतरला. आम्ही सगळे जे पाठीमागं विचारत होतो, ते त्यानं सगळ्यांदेखत विचारलं.

"आई, खरं सांग. कोन हाय तिथं?"

"कोनी नाही, बेटा. जेच्यासाठी उठा लागंल असं तिथं कोनीच नाही. म्हणून तं जातो म्हणून राहिली."

वाढपी वाढायचे थांबले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. तिचा नव्हे. माझ्याही घरी चूल आहे आणि मलाही शिफ्टवालेच आहेत, मग हे मला कधी का सुचलं नाही?

सुमंत आत गेला, पासपोर्ट घेऊन आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. हळूच बोलला, पण मी शेजारीच होते.

"वापस तं येशीन ना?"

तिनं पासपोर्ट कमरेला खोचला. उठली, वाढप्याच्या हातातलं ताट घेतलं आणि सुमंतपुढं ठेवलं.

"तू आधी जेवून घे. रातभरचा उपाशी हायेस."

बायका म्हणाल्या, शेवटी आई ती आई. म्हणू देत. त्यानं काय विचारलं होतं आणि तिनं काय सांगितलं, ते मी नीट ऐकलं आहे.