साडेतीन टनांच्या आत

जर्मनीत धावणाऱ्या निम्म्या जुन्या गाड्या आमच्या साडूंनी खालून पाहिलेल्या आहेत. उरलेल्या निम्म्या राहिल्या, कारण त्यांच्या मालकांनी साडूंना खाली झोपू दिलं नाही. हे मी कौतुकानं सांगतो आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मूळचे सांगलीचे, नोकरीनं र्युसेल्सहाइमचे आणि पेशानं ब्रेकवाले, म्हणजे मोटारींचे ब्रेक तपासणारे इंजिनिअर. नवी गाडी दिसली की लोक ती किती पळते ते विचारतात. साडू विचारणार, "थांबायला किती जागा घेते?" सुपरमार्केटातली ढकलगाडीसुद्धा ते आधी एक धक्का देऊन मोकळी सोडतात आणि ती सरळ जाते की एका बाजूला ओढते ते बघतात. एकदा अशी सोडलेली ढकलगाडी दह्याच्या डब्यांच्या मनोऱ्याला जाऊन भिडली. तिथल्या बाई धावत आल्या, तर साडूंनी त्यांना शांतपणे सांगितलं की पुढच्या उजव्या चाकात केस अडकलेत. बाईंनी वाकून पाहिलं. खरंच अडकले होते.

कुठलीही वस्तू घेणं हा त्यांच्या लेखी खरेदीचा विषयच नव्हे, तो चौकशीचा विषय. मिक्सर घ्यायचा झाला तर पाच दुकानांतले मिक्सर ते रिकामे फिरवून ऐकत, आणि सहाव्या दुकानात जाऊन पहिल्या दुकानातल्या आवाजाची तक्रार करत. ताई, म्हणजे माझी मेहुणी, एकदा म्हणाली, "आमच्याकडे पडदे लागले, तोवर खिडक्या बदलायला झाल्या होत्या." त्यावर साडूंनी मान डोलावली आणि म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणूनच थांबलो होतो." अशा माणसानं मागे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडता येईल अशी वापरलेली फॅमिली कार निवडायला घेतली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात हात जोडले.

कॅराव्हॅनचं खूळ कुठून आलं, ते सांगायचं तर त्यांच्या आईंबद्दल सांगायला हवं. यजमान अकाली गेले, पदरात एकुलता एक मुलगा, तेव्हा आईंनी सांगलीतल्या घराच्या पुढच्या खोलीत चार ताटं मांडली, आणि ती पुढची सव्वीस वर्षं उचलली नाहीत. कॉलेजची मुलं, बदलीवर आलेले कारकून, एकटे राहणारे मास्तर असे सगळे तिथे जेवून गेले. त्या पोळ्यांवर मुलगा इंजिनिअर झाला. पण खानावळीला सुट्टी नसते, त्यामुळे आईंनी कधी गाव सोडलं नाही, आणि मग सवयच अशी जडली की परक्या अंथरुणावर डोळा लागेना आणि दुसऱ्याच्या हातचा घास घशाखाली उतरेना. हॉटेलात राहायचं म्हटलं की त्या म्हणत, "तुम्ही जा वर, मी गाडीतच बसते." एकच हौस त्यांनी आयुष्यात बोलून दाखवली होती. बर्फाचा डोंगर एकदा जवळून बघायचा. कॉलेजात असताना मुलानं कबूल केलं होतं, "मी नेईन." आता, दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत, त्या प्रथमच तीन महिन्यांच्या व्हिसावर जर्मनीला येणार होत्या. साडूंचं गणित सरळ होतं. आईला चूल सोडवत नाही ना? मग चूल बरोबर न्यायची. एका निवृत्त सहकाऱ्याची कंबर धरल्यामुळे त्याचं कॅम्पिंग सुटलं होतं. त्याच्याकडून साडूंनी कॅराव्हॅन घेतली. दोन शेगड्या, एक छोटी मोरी, दोन पलंग. ती त्याच्याच अंगणात उभी राहिली, कारण तिला ओढील अशी गाडी साडूंकडे नव्हती. होती ती गाडी इतकी चिमुकली, की कॅराव्हॅननंच तिला ओढलं असतं.

इथून साडूंचा खरा पराक्रम सुरू होतो. आपलं भारतीय लायसन्स जर्मनीत बदलून मिळतं त्यावर तेव्हा अशी अट होती, की गाडी आणि मागची कॅराव्हॅन यांचं कागदावरचं वजन मिळून साडेतीन टनांच्या आत हवं, आणि कॅराव्हॅन रिकाम्या गाडीपेक्षा जड नको. म्हणजे गाडी जड हवी, पण फार जड नको. हलकी तर चालणारच नाही. शिवाय तिला मागे हूक हवा आणि त्या हुकावर भार पेलायची ताकद हवी. साडूंनी या सगळ्याचा एक तक्ता केला. मी तेव्हा डार्मश्टाटला पीएच.डी. रखडवत होतो, त्यामुळे माझ्याकडे वेळ आहे असं त्यांनी परस्पर ठरवलं. दर शनिवारी सकाळी फोन यायचा, "पाव्हणं, तयार राहा. वीसबाडनला एक कोम्बी आलीय." कोम्बी म्हणजे मागे मोठी डिकी असलेली लांब गाडी. माझं काम काय, तर मागच्या सीटवर बसणं. माझं वजन बहात्तर किलो. त्यांच्या आईंचंही तेवढंच. मी जर्मनीत ज्ञान मिळवायला आलो होतो आणि साडूंनी मला वजनाचं माप करून टाकलं.

विक्रेत्याकडे पोचलो की साडू डिकीतून सांगलीची सतरंजी काढायचे, गाडीखाली अंथरायचे आणि तोंडात टॉर्च धरून आत सरकायचे. आम्हाला नुसते पाय दिसत. खालून अधूनमधून "आल्झो..." असा आवाज आला की समजायचं, या गाडीचं काही खरं नाही. मग रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरायचं. कुठे पुट्टी भरली असेल तिथे ते चिकटत नाही. मग प्रश्न. आधीचा मालक कोण, का विकली, हुकाला काय जोडत होता, होडी की घोडा? माझं लग्न ठरताना सासऱ्यांनी माझी इतकी चौकशी केली नव्हती. शेवटी फेरी मारायला निघायचं, आणि फेरी म्हणजे कारखान्यांच्या मागचा रिकामा रस्ता गाठून ताशी ऐंशीवरून करकचून ब्रेक. एकदा माझा चष्मा उडून काचेखाली जाऊन बसला. साडू म्हणाले, "चष्मा सरळ पुढे गेला. म्हणजे गाडी ओढत नाही. छान." तरीही ती गाडी त्यांनी घेतली नाही. माइन्झचा एक मिशाळ विक्रेता तर आम्ही तिसऱ्यांदा दिसलो तेव्हा आतूनच कॉफीचे दोन कप घेऊन बाहेर आला आणि स्वतःच्याच एका गाडीकडे बोट दाखवून म्हणाला, "ही तुम्ही बघूही नका."

मेमध्ये आई आल्या, आणि मागच्या सीटवरची माझी जागा त्यांनी घेतली. म्हणजे बहात्तर किलोंच्या जागी अस्सल बहात्तर किलो आले. पदर खोचून, डबा मांडीवर घेऊन त्या मागे बसायच्या, आणि कुठलीही गाडी असो, म्हणायच्या, "ही चांगली आहे की रे." साडू म्हणायचे, "आई, हिची मागची स्प्रिंग बसलीय." पुढच्या शनिवारी पुन्हा, "ही चांगली आहे की रे." "आई, ही कागदावर शंभर किलो जड आहे." मे गेला, जून गेला. माझी बायको कॅलेंडरवर व्हिसाचे दिवस खोडत होती. जुलैच्या मध्यावर ताईनं सरळ विचारलं, "अहो, आई परत गेल्यावर घेणार आहात का गाडी?" मी संधी साधून साडूंना बाजूला घेतलं आणि थोडं चिडूनच म्हणालो, "साडूसाहेब, पुरे झालं. शेजारचे आजोबा तीस वर्षं काय वाट्टेल त्या गाडीला कॅराव्हॅन लावून हिंडताहेत." त्यावर ते म्हणाले ते मी विसरलो नाही. "पाव्हणं, ओढणं सोपं असतं हो. उतारावर मागचं वजन पुढच्याला ढकलतं. मी रोज ऑफिसात हेच बघतो. त्या वजनाच्या आणि माझ्या मधे माझी आई बसणार आहे." मला एकदम लाज वाटली. इतके शनिवार मी ज्याला विक्षिप्तपणा समजत होतो, ती काळजी होती.

पण आईंना हे कोण सांगणार? त्यांनी आपला अर्थ आपण काढला. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता त्या मुलाला म्हणाल्या, "राहू दे रे. एवढा त्रास करून घेऊ नकोस. टीव्हीवर दिसतो की डोंगर." अगदी सहज म्हणाल्या, रुसून नव्हे. साडू उठून बाल्कनीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्यांनी गाडी घेतली. एका निवृत्त पोस्टमास्तरांची करड्या रंगाची कोम्बी. पोस्टमास्तरांनी प्रत्येक तेलबदलाची नोंद सुवाच्य अक्षरात ठेवली होती. साडू खाली शिरले, आणि वीस मिनिटं एकही "आल्झो" आला नाही. बाहेर आले ते हसतच. पोस्टमास्तर आणि ते एकमेकांचा हात हातात घेऊन इतका वेळ उभे राहिले, की मला वाटलं सोयरीक जमली. आई म्हणाल्या, "ही चांगली आहे की रे." या वेळी साडू म्हणाले, "हो आई. ही चांगली आहे."

व्हिसाचे अकरा दिवस उरले होते. निघायच्या आदल्या सकाळी भरलेली कॅराव्हॅन साडूंनी शेजारच्या गावातल्या धान्याच्या गोदामाकडे नेली. तिथे ट्रॅक्टर मोजायचा वजनकाटा होता, आपल्याकडे साखर कारखान्यावर ऊस मोजतात तसा. आकडा आला आणि साडूंचा चेहरा उतरला. ठरल्यापेक्षा एकसष्ट किलो जास्त! त्यांच्या तक्त्यात गादी होती, पाणी होतं, गॅसची टाकी होती, चमचेसुद्धा होते. आईला चार-पाच माणसांपुरता स्वयंपाक येत नाही, ही गोष्ट तेवढी तक्त्यात नव्हती. आत वीस किलोंची कणीक निघाली, तांदळाचं पोतं, सांगलीहून विमानातून आलेला दगडी खलबत्ता, आणि तुर्की दुकानातून आणलेली तीन पातेली. त्यातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात मी बसलो असतो. गाडीत आम्ही पाच माणसं बसणार आणि डिकी गच्च, तिथेही काही हलवता येईना. आई काट्याशेजारी उभ्या राहून कौतुकानं विचारत होत्या, "किती भरलं रे?"

मला वाटलं, आता कणीक उतरणार. ज्यानं बोटभर पुट्टीवरून गाड्या नाकारल्या, तो एकसष्ट किलो सोडणार नव्हता, आणि त्यानं सोडलेही नाहीत. साडूंनी कॅराव्हॅनचं दार उघडलं आणि बाहेर लावायचा मांडव उतरवला. मग खुर्च्या आणि घडीचं टेबल उतरवलं. शेवटी आपली हत्यारांची पेटीही उतरवली. ही पेटी त्यांनी ताईलासुद्धा कधी हलवू दिली नव्हती. हे सगळं घरी ठेवायला माझ्या हवाली करून ते परत काट्यावर गेले, आकडा पाहिला आणि आईंना म्हणाले, "बरोबर भरलं, आई." खलबत्त्याला त्यांनी हात लावला नाही. त्या क्षणी मला आमच्या साडूंचा जितका अभिमान वाटला, तितका माझी पीएच.डी. पुढे कशीबशी झाली तेव्हा मला माझाही वाटला नाही.

दक्षिणेकडे, बर्फाच्या डोंगरांच्या दिशेनं, आम्ही ताशी ऐंशीनं गेलो. ट्रकवाले आम्हाला ओलांडून जात होते. डोंगरात एक लांबलचक उतार आला तेव्हा साडूंनी गिअर खाली घेतला. मागून एकाही धक्क्याशिवाय आम्ही खाली उतरलो. तळ्याकाठच्या कॅम्पिंगच्या जागेवर पोचलो तर समोर ढग. आईंनी तिकडे बघितलंही नाही. त्यांनी आधी शेगडी पेटवली. दोन दिवस ढग हलले नाहीत, आणि दोन दिवस आईंनी त्या तळ्यावरच्या निम्म्या जर्मनांना जेवू घातलं. लोक आपापल्या ताटल्या घेऊन रांगेत उभे राहत. डाव्या बाजूच्या कॅराव्हॅनमधले आजोबा तिसऱ्यांदा पिठलं घेऊन गेले आणि आईंना जर्मनमध्ये काहीतरी लांबलचक म्हणाले. आईंनी त्यांना मराठीत सांगितलं, "सावकाश जेवा." दोघांचंही काही अडलं नाही.

त्यानंतर आई पुन्हा जर्मनीला आल्या नाहीत. आधी गुडघे आडवे आले, आणि आता लांबच्या प्रवासाचं नाव काढलं की त्या हसून विषय बदलतात. साडूही आता पन्नाशी ओलांडून गेले आहेत आणि गाडीखाली शिरले तर बाहेर यायला हात द्यावा लागतो. तेव्हा तो तिसरा दिवस मला वरचेवर आठवतो.

दुपारी ढग फाटले. बर्फाचा डोंगर एकदम समोर, सबंध, इतका जवळ की आधी दिसला कसा नाही याचं नवल वाटावं. आई पोळ्या लाटत होत्या. साडूंनी शेगडी बंद केली, त्यांच्या हातातलं लाटणं काढून ताईकडे दिलं आणि त्यांना बाहेर आणलं. खुर्च्या नव्हत्या, म्हणून कोम्बीची मागची डिकी उघडून तिच्या कडेवर बसवलं. पाय लोंबकळत ठेवून आई बसल्या. साडूंनी ताट वाढून हातात दिलं आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाजूला उभे राहिले, खानावळीत वाढायला उभं राहतात तसे. "आई, आणखी एक पोळी?" त्यांनी विचारलं. सव्वीस वर्षांत हा प्रश्न आईंनीच लोकांना विचारला होता. त्यांनी डोंगरावरची नजर न काढता ताट पुढे केलं. जेवण झालं. त्यांचा हात वाळला तरी त्या उठल्या नाहीत, आणि आम्हीही त्यांना उठवलं नाही.