आत्याचे माठ

सुमनआत्या कुणाच्याही घरी गेली की आधी कचऱ्याची बादली उघडायची. "कशा आहात?" नंतर. बादलीतल्या साली बघून तिला त्या घराचं सगळं कळायचं. "दोडक्याच्या शिरा टाकल्यात? मग चटणी कशाची करता, पाकिटातली?" असं म्हणून ती त्या शिरा पर्समधल्या पिशवीत भरायची आणि मग चहा मागायची.

टेलिफोन खात्यात जन्म काढलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली ही माझी आत्या कसबा पेठेत एका खोलीत राहायची. ती इमारत पाडायला काढली तेव्हा नवी होईपर्यंत ती आमच्याकडे कात्रजला आली. सामान म्हणजे कपड्यांची एक बॅग आणि कचऱ्याचं खत करायचे, एकावर एक बसणारे, भोकं पाडलेले माठ. आमचा फ्लॅट एवढासा. आत्या हॉलमध्ये, माठ गॅलरीत आणि आम्ही नवरा-बायको आवाज न करता बेडरूममध्ये.

वरच्या माठात ओला कचरा, त्यावर वाळका पाला आणि आंबट ताकाचा शिडकावा. वरचा भरला की तो खाली, खालचा रिकामा करून वर. "माठाला दात नाहीत," म्हणत ती केळीच्या साली कात्रीने बारीक कापायची. निर्माल्यालाही सूट नव्हती. "देवाचं असलं म्हणून काय, कुजायचं तसंच कुजणार." हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर हे ऐकून माझी बायको वर्षा गोरीमोरी झाली होती.

मग आंब्याचे दिवस आले. आमरसाच्या जेवणानंतर वर्षाने साली, कोयी, सगळं एकदम माठात ओतलं, वर पाला न घालता. चिलटांनी घराचा ताबा घेतला. आत्याने नारळाच्या शेंड्या पिंजून घातल्या आणि चार दिवसांत सगळं ताळ्यावर आणलं. पण आम्हाला विषय मिळाला होता. जेवताना मी म्हणालो, आत्या, माठांचा वास येतो गं. दुसऱ्या दिवशी वर्षा म्हणाली. मग शेजारीही तक्रार करतात, असं मी सांगितलं. शेजाऱ्यांशी माझं बोलणंच नव्हतं.

आत्याने ट्रंककॉल कापावा तसा विषय कापला. कसब्यातल्या तिच्या मैत्रिणीकडे गच्ची होती. "माणसं काय, वाटलं तर भेटायला येतील. माठ येणार नाहीत. मी त्यांच्याबरोबर जाते."

आत्याने भाच्यापेक्षा कचरा निवडला, हा किस्सा मी बरीच वर्षं लोकांना हसत सांगितला. आता आत्या नाही, तर खरं लिहितो. आम्हाला आमचा हॉल परत हवा होता. टीव्हीचा आवाज, रविवारी उशिरा उठणं, भांडायला मोकळी जागा. तेवढंच. तिला ते आमच्या आधी कळलं, आणि ते बोलून दाखवायची वेळ आमच्यावर येऊ नये म्हणून तिने सगळं माठांवर ढकललं.

ती निघाली त्या दिवशी लिफ्ट बंद होती. भरलेला माठ पोटाशी धरून मी जिना उतरलो. हनुवटी काठावर, नाक जवळजवळ आत. रिक्षात बसल्यावर तिने तो मांडीवर घेतला.

"येतोय का रे वास?"

मी नाही म्हणालो.

"मग सर्दी झाली असेल तुला," आत्या म्हणाली आणि रिक्षावाल्याला मंडईवरून घ्यायला सांगितलं.