एकदाच वाटेला लावलेले झिंगरू मिस्त्री

झिंगरू मिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते आमच्या चुलीवरचा भात ऐकत होते. हातभर लांब सागाची काडी, तिचं एक टोक गंजाच्या, म्हणजे भाताच्या पातेल्याच्या, झाकणावर, दुसरं कानात, डोळे मिटलेले. मी नवी नवरी, नागपूरहून आलेली, दाराआडून बघत होते. मला वाटलं, या गावात वेड्यांना मोकळं सोडतात.

"मास्तरीनबाई, भात खाली लागून राह्यला," डोळे न उघडताच ते म्हणाले.

मी धावत जाऊन झाकण काढलं. भात खरंच करपला होता! मी थक्क. पुढं कितीतरी दिवस ही अद्भुत विद्या मी आमच्या मास्तरांना वर्णन करून सांगत होते. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "अगं, करपल्याचा वास शाळेपर्यंत आला होता. मुलं पाढे सोडून खोकत होती."

तर असे मिस्त्री आणि अशी मी. ब्रह्मपुरीकडचं, वैनगंगेच्या काठचं आमचं गाव. गावाबाहेर सागवान चिरायची आरामशीन होती, वाफेच्या इंजिनावर चालणारी, आणि मिस्त्री तिचे डॉक्टर, वैदू, सासू, सगळं काही. काडी इंजिनाला लावून ते त्याच्या पोटातलं ऐकायचे. एकदा सवय लागल्यावर मग गाभण म्हशीला लाव, बंद घड्याळाला लाव, भांडून रुसलेल्या बायकोच्या पाठीला लाव. निदान निम्म्या वेळा चुकायचं, पण सांगायचे मात्र मोठ्या ठसक्यात. त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "मशीन अडली त शिव्या नाई द्याच्या जी. उलटी फिरवाची. जिथी अडली, तिथूनच सुटते."

परवा माझा नातू लॅपटॉप मांडीवर घेऊन परदेशी नोकरीच्या व्हिसाची वाट बघत बसला होता. नोकरी पक्की, कंपनी तयार, फक्त तो कागद यायचा. त्याचं ते सुतकी तोंड पाहून मला मिस्त्री आठवले आणि मी इतकी हसले की सून पाणी घेऊन धावली.

त्याचं असं झालं. आफ्रिकेत, टांगानिकात, लाकडाचा मोठा कारखाना असलेले एक शेठ साग बघायला आमच्याकडे आले होते. मिस्त्रींनी तडकलेलं पातं नीट करून पुन्हा फिरवलेलं त्यांनी पाहिलं आणि परत गेल्यावर कळवलं, की या माणसाला आमच्याकडे पाठवा, पगार देतो, घर देतो. झालं! नोकरी मिळाली म्हणजे माणूस गेलाच, असं आम्ही सगळे समजलो. मधे पासपोर्ट नावाची चीज असते, तिकडच्या सरकारचं कामाचं परमिट असतं, हे कोणाला माहीत? मला माहीत असायला हवं होतं, कारण मी मॅट्रिकला बसले होते. पण मी तेव्हा फार मोठ्या कामात होते. मी मिस्त्रींना साहेबी रीतीनं जेवायला शिकवत होते.

मी स्वतः साहेब पाहिला होता तो बिस्किटांच्या डब्यावर. पण नागपूरची ना मी! शाळेतलं बाक आणून त्याला टेबल म्हटलं, लोहाराकडून काटा करून घेतला आणि मिस्त्रींपुढं पानात रोहू माशाचा रस्सा वाढला. त्यांनी काटा उलटसुलट फिरवून पाहिला.

"मास्तरीनबाई, हा पंजा मले देता, मंग मांजरानं काय करावं?"

"मिस्त्रीभाऊ, तिकडे हातानं जेवलात तर हाकलून देतील."

"मंग उपाशी मरन्यापरीस हाकललेलं बरं," म्हणत त्यांनी काट्यानं पाठ खाजवली आणि हातानं दोन ताटं भात उडवला. मी त्यांना 'हाऊ डू यू डू' शिकवलं. ते आरामशीनवर जाऊन बॉयलरला 'हाऊ डू यू डू' म्हणायचे, आणि बॉयलर शिटी मारायचा. माझ्या इतर विद्यार्थ्यांच्या मानानं ही प्रगती चांगलीच म्हणायची.

इकडे गावानं त्यांना वाटेला लावायला घेतलं. आमच्याकडे लांब जाणाऱ्या माणसाला वाटेला लावायची मोठी रीत. घरोघरी जेवण, प्रत्येक घरचा दुपट्टा आणि नारळ, आणि शेवटी डफडं वाजवत सगळं गाव नदीच्या घाटावर. तिथं डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, बसवायचं आणि पाठ फिरवून यायचं. या रीतींची मालकीण म्हणजे सोनाबाई, गावातली सगळ्यांत म्हातारी. तिचा कायदा कडक: वाटेला लावलेला माणूस परवास पुरा झाल्याबिगर गावात निजू नये. आणि एका परवासाले एकच डाव वाटेले लावाचं. दुसऱ्यांदा लावलं, त मानूस परतत नाई.

वाजतगाजत मिस्त्री गेले. नदी ओलांडली. बस धरून नागपूर गाठलं. आणि थोड्याच दिवसांत, अंगावर गावभरचे दुपट्टे घेऊन, पैलतीरावर परत येऊन उभे राहिले. पासपोर्टचा अर्ज केला होता. चौकशी होईल, मग पासपोर्ट, मग परमिट, तोवर घरी बसा, असं त्यांना सांगितलं होतं.

पण बसणार कुठं? घरी निजायची बंदी! मिस्त्रींनी पैलतीरी कवडूच्या मासे सुकवायच्या झोपडीत मुक्काम ठोकला. कवडू म्हणजे आमचा डोंगेवाला ढिवर, महा खट्याळ. रोज सकाळी तो मिस्त्रींना आरामशीनवर कामाला अलीकडे आणायचा आणि संध्याकाळी परत नेऊन सोडायचा. डोंगा लागला की घाटावरच्या बायकांना ऐकू जाईल असं विचारायचा, "काऊन जी परदेसी पाहुने, परमिट आहे का गावात उतराचं?"

"हाये ना. हे पाय," म्हणून मिस्त्री विडी दाखवायचे. विडी कवडूच्या कानावर जायची आणि परमिट मंजूर व्हायचं.

बरं, परगावचा माणूस म्हटल्यावर तो पाहुणा. सोनाबाईनं तसा निवाडाच दिला. म्हणजे दुपारी स्वतःच्याच घरी जेवायला आले, की त्यांच्या बायकोनं, भागरतानं, पाय धुवायला पाणी द्यायचं, पाट मांडायचा, डोक्यावरून पदर घेऊन विचारायचं, "पाहुने, कोन्या गावचे जी?"

"आफ्रिकेचा हावो बाई."

"मंग घरी बायको कशी हाये?"

"लय खाष्ट हाये. म्हनून त इतक्या दूर आलो."

आणि भागरता तोंडात पदर कोंबून अशी हसायची, की वाढताना वरण पाटावर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा असा रोज पाहुणा होऊन आल्यावर तिच्या गालावर जे काही आलं, ते पाहून आम्ही नव्या नवऱ्या जळून खाक झालो. मी तर घरी येऊन मास्तरांना म्हटलं, "तुम्हीसुद्धा थोडे दिवस पैलतीरी राहून या ना!" ते वही तपासत म्हणाले, "मला पोहता येत नाही."

अशा थट्टेत दिवस चालले होते आणि नेमका तेव्हा ठाण्यातून पासपोर्टच्या चौकशीचा शिपाई आला. सायकल ढकलत, घामाघूम. समोर पहिली सापडली सोनाबाई, आणि पाणी आणायला निघालेली मी.

"झिंगरू मिस्त्री इथी राहते का?"

"राहत होता," सोनाबाई म्हणाली. "आता नाई."

"कुठी गेला?"

"आफ्रिकेले."

"गेला बी?"

"हाव त! म्या सोता नारळ देल्ला. पुसा गावाले."

शिपायानं गावाला विचारलं. साऱ्या गावानं छाती ठोकून एकच साक्ष दिली. रीत ती रीत. वाटेला लावलेला माणूस इथं राहतो असं कोण म्हणेल? मी मागं कशी राहीन? मीही पुढं होऊन माझ्या पुस्तकी मराठीत म्हटलं, "त्यांनी परदेशी प्रस्थान ठेवले आहे." शिपायानं सोनाबाईकडं बघून विचारलं, "हे बाई का म्हनते?" आणि हा सगळा पंचनामा चालू असताना तिकडून आरामशीनचा खर्र खर्र आवाज येत होता, कारण मिस्त्री तिथं पात्याला दात पाडत होते! शिपाई ताक पिऊन, मिशा पुसून, सायकल ढकलत निघून गेला.

पुढं पासपोर्टच्या कचेरीतून उत्तर आलं. मास्तरांनी ते आरामशीनवर सगळ्यांसमोर वाचलं: अर्जदार आधीच आफ्रिकेत असल्याचं चौकशीत कळतं, सबब त्याला तिकडे जाण्यासाठी पासपोर्टचं कारण दिसत नाही.

मिस्त्री लाकडाच्या भुशात बसून हसायला लागले. भागरता मात्र हसली नाही. शेठनं कळवलं होतं, की होळीपर्यंत वाट बघू, मग दुसरा माणूस घेऊ. आणि मिस्त्रींना जायचं होतं हो! थट्टेखाली ते सगळ्यांना ठाऊक होतं. आमची आरामशीन म्हातारी झाली होती, तिचं दुखणंखुपणं त्यांना पाठ झालं होतं. तिकडे घराएवढी नवी मशीन होती, तिच्या पोटात काय वाजतं ते त्यांना ऐकायचं होतं. झोपेतसुद्धा ते तिच्याशी बोलतात, असं कवडू सांगायचा.

"तुमी इथी बी नाई, तिथी बी नाई," भागरता म्हणाली. "मी कुकू कोन्या गावच्या मानसाचं लावू?"

मिस्त्री उठले, अंगावरचा भुसा झटकला. "अडली ना मशीन? मंग फिरवा उलटी. सोनाबाई, मले परत आना."

"कसा आनू? तू त पोचलाच नाई!"

"म्या नाई, पन सरकार म्हनते पोचला. पोलिसानं लिवलं, वर मोहोर हाये. सरकारापरीस तू मोठी का?"

सोनाबाईनं बराच वेळ विचार केला. इंग्रजांचं सरकार असतं तर तिनं मानलंच नसतं. पण हे आपलं सरकार होतं. "बरं," ती म्हणाली, "आनू."

आणि मग निघाली ती आफ्रिकेहून परतलेल्या मिस्त्रींची मिरवणूक! डफडं, गुलाल, घाटावर बायकांची गर्दी. कवडूनं डोंगा मुद्दाम दोन गिरक्या मारून आणला, समुद्राचा वाटावा म्हणून. भागरतानं भाकरतुकडा ओवाळला. मी स्वागतपर भाषण लिहिलं होतं. त्यात अथांग सागर होता, सिंहगर्जना होती आणि 'मायभूमीची ओढ' तर दर ओळीआड होती. पहिल्याच सिंहाला माझ्या सासूबाईंनी कागद काढून घेतला. "झिंगरूभाऊ, तूच सांग, कशी होती आफ्रिका?"

"लय मच्छर," मिस्त्री म्हणाले. "आन वास मारते वाळल्या मासोळीचा."

मास्तरांनी ठाण्यात जाऊन काय विनवण्या केल्या कोण जाणे, तोच शिपाई पुन्हा आला. मिस्त्री आपल्या दाराशी बाजेवर बसले होते.

"हा कोन?"

"झिंगरू," सोनाबाई म्हणाली. "आफ्रिकेवरून आला, परवा."

शिपायानं डोळे मिटले. मास्तर घाईनं मधे पडले. "जमादारसाहेब, आता इथंच राहतो की नाही, एवढंच विचारा."

"राहते का इथी?"

"हाव! राहते!" साऱ्या गावानं आरोळी ठोकली. शिपायानं तेवढंच लिहिलं आणि ताकसुद्धा न पिता पळाला.

होळीच्या तोंडावर पासपोर्ट आला, पाठोपाठ शेठकडून परमिट आलं. मिस्त्रींनी ते हातात धरलं आणि काडी लावून ऐकायचा आव आणला. भागरतानं ते हिसकून घेऊन कपाळाला लावलं आणि मग चटका बसल्यासारखं एकदम परत केलं. कारण आता खरंच जायचं होतं, आणि वाटेला लावणं तर संपलं होतं! दुसऱ्यांदा लावलं, तर माणूस परतत नाही. सोनाबाईनं घरोघरी फिरून बजावलं: कोनी जेवाले बोलवू नका, नारळ देऊ नका, घाटावर जाऊ नका.

निघायच्या सकाळी मिस्त्री पेटी घेऊन एकटेच घाटाकडे गेले. आणि घाटावर सारं गाव! कोणाची म्हैस नेमकी आजच धुवायला आली होती. कोणाचं जाळं आजच फाटलं होतं. मास्तर शाळा सोडून मुलांना नदीचा भूगोल शिकवत होते. मी पाण्याला आले होते, आणि घागर घरी विसरले होते. स्वतः सोनाबाई दातांना राख लावत वाळूत बसली होती. तिला दात नव्हते. कोणी मिस्त्रींकडं बघेना. सगळे आपापल्या कामात इतके दंग, की असं काम त्या गावात आधी नाही झालं, नंतरही नाही.

भागरता दगडावर कालचंच धुतलेलं धोतर आपटत होती. मिस्त्री तिच्या बाजूला थोडे थांबले.

"जाऊन येतो कामावर," ते म्हणाले, रोज म्हणायचे तसंच.

"हाव," धोतरावरून नजर न काढता ती म्हणाली. "सांजच्याले लवकर या."

कवडूनं त्या दिवशी परमिट विचारलं नाही. डोंगा लहान लहान होत गेला आणि आम्ही सगळे आपापल्या म्हशी घासत राहिलो.

मिस्त्री तिकडे काही वर्षं राहिले. पैसे यायचे, कधी आगबोटीचं चित्र असलेलं कार्ड यायचं. मग एका संध्याकाळी, मी भागरताकडे तांदूळ निवडायला बसले होते, तर दारात हॅट घातलेला, काळा ठिक्कर, पोट सुटलेला एक माणूस. मी उठून आरतीचं ताट शोधायला धावणार, तेवढ्यात भागरतानं माझा पदर ओढून मला खाली बसवलं. स्वागतही होऊन गेलं होतं ना! तेही दुसऱ्यांदा करायचं नव्हतं.

तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. गंज वर ठेवला. त्यांच्याकडे मान वळवायला तिला वेळच नव्हता.

"उशीर केला जी आज," ती म्हणाली.

"हाव ना," मिस्त्री हॅट खुंटीला अडकवत म्हणाले. "तिथची मशीन लय बोलकी निंगली. सोडतच नव्हती."